ब्लाइंडमधून टू पेअर: लाइव्ह टेबलवर पैसे कधी काढायचे आणि पत्ते कधी टाकायचे

आपल्यापैकी बहुतेकांची पत्त्यांशी ओळख गणपतीतल्या जागरणाची. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट, आणि मोठी माणसं झोपली की तीन पत्ती. त्या तीन पत्तीतून पोकरकडे आलेला माणूस दोन ठिकाणी हमखास अडखळतो. पहिलं ठिकाण 'ब्लाइंड'. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता केलेली चाल, स्वखुशीची. पोकरमध्ये ब्लाइंड ही सक्तीची वर्गणी आहे. डीलर बटणाच्या (दर डावाला एकेक जागा पुढे सरकणारी खूण) डावीकडच्या दोघांनी पत्ते वाटायच्या आधीच ती भरायची, पहिल्याने स्मॉल ब्लाइंड आणि दुसऱ्याने बिग ब्लाइंड. दुसरं ठिकाण टू पेअर. तीन पत्त्यांत दोन जोड्या बसणार कुठे? त्यामुळे हा हात मिळाला की नवा खेळाडू एकतर हरखून सगळं पुढे ढकलतो, नाहीतर खजिना सापडल्यासारखा दडवून ठेवतो. दोन्ही प्रकारांत पैसे जातात.

हा लेख नो-लिमिट होल्डमबद्दल आहे, तोही प्रत्यक्ष टेबलावरच्या. (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच: आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक टर्न, शेवटी एक रिव्हर. या सातांतले सर्वांत चांगले पाच धरायचे. नो-लिमिट म्हणजे समोरचे सगळे पैसे कधीही लावता येतात.) पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने 2025 मध्ये कायद्यानेच बंदी आणली. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. त्यामुळे मोबाईलवर शिकलेल्या मुंबई-पुण्याच्या मंडळींना आता पणजीला मांडवीतल्या बोटी गाठाव्या लागतात. (वय 21 पूर्ण हवं. आणि जितके पैसे परत आले नाहीत तरी घरी सांगता येईल, तितकेच खिशात हवेत. बाकी उपदेश करत नाही.) ओमाहा खेळणाऱ्यांनी इथलं काहीही तिकडे नेऊ नये. चार पत्त्यांच्या खेळात नुसती टू पेअर फार लवकर फिकी पडते.

आधी हिशेब: हे किती वेळा होतं?

हातात जोडी नसलेले दोन पत्ते असतील तर ते दोन्ही फ्लॉपवर जुळून टू पेअर व्हायची शक्यता साधारण 2 टक्के, म्हणजे पन्नासात एकदा. लाइव्ह टेबलवर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. आठ तास बसलात तर दोनशे-सव्वादोनशे डाव. नऊ जणांच्या टेबलावर त्यातले पन्नासेक डाव तुम्ही ब्लाइंडमध्ये असता आणि त्यातल्या निम्म्यांत फ्लॉप बघता. म्हणजे ब्लाइंडमधून फ्लॉपलाच टू पेअर ही दोन रात्रींत एकदा घडणारी गोष्ट. टर्न-रिव्हरला होणारी वेगळी. इतक्या क्वचित येणाऱ्या हातात पाचशे रुपये कमावून समाधान मानणं परवडत नाही.

पायरी पहिली: टू पेअर आहे का, आणि कुठली?

हातात गुलाम-सत्ती आणि फ्लॉप गुलाम-तिर्री-तिर्री. तांत्रिकदृष्ट्या टू पेअर, पण तिर्रीची जोडी टेबलावर सगळ्यांची आहे. तुमच्याकडे खरं तर एकच जोडी, तीही सत्तीच्या किकरवर (जोडी सारखी असली की निकाल लावणारा सुटा पत्ता). एक्का-गुलामवाला तुमच्या पुढे आहे. हा हात या लेखात येत नाही.

खरी टू पेअर म्हणजे हातातले दोन्ही पत्ते जुळलेले. फ्लॉप गुलाम-सत्ती-तिर्री धरा. गुलाम-सत्ती म्हणजे वरची टू पेअर. गुलाम-तिर्री म्हणजे वर-खाली. सत्ती-तिर्री म्हणजे खालची. तिघांची दुखणी वेगळी आहेत.

खालच्या टू पेअरचं एक मला बरेच दिवस कळलं नव्हतं: तिला गिऱ्हाईक जास्त मिळतं. तुमच्या हातात गुलाम असेल तर गड्डीत दोनच गुलाम उरतात, आणि समोरच्याकडे एक्का-गुलाम असायचे आठच प्रकार. तुमच्याकडे सत्ती-तिर्री असेल तर तीन गुलाम मोकळे, म्हणजे एक्का-गुलामचे बारा प्रकार. एक्क्याच्या जागी बादशहा किंवा राणी धरली तरी हिशेब तोच. गुलाम धरून बसलेला माणूस लाइव्ह टेबलवर सहसा हलत नाही. म्हणून खालची टू पेअर पैसे जास्त मिळवते.

पण ती पटकन खराबही होते. टर्नला आणखी एक गुलाम पडला की टेबलावर गुलामांची जोडी होते, तुमची तिर्री निरुपयोगी ठरते, आणि राणीची किंवा एक्क्याची जोडी धरून बसलेला तुमच्या पुढे जातो. ज्याच्याकडे गुलाम होता त्याचे तर तीन गुलाम झाले. वर-खालीवाल्याचं असंच दुसरी सत्ती पडली की होतं: त्याची तिर्री गेली, आता सगळ्या गुलामवाल्यांकडे गुलाम-सत्तीच, आणि किकरवर तो हरतो. वरची टू पेअरही पूर्ण सुरक्षित नाही. तिर्रीची जोडी लागली की एक्का-एक्कावाल्याकडे एक्के आणि तिर्र्या होतात, आणि ते गुलाम-सत्तीपेक्षा मोठं आहे. फुल हाउस (एकाचे तीन आणि दुसऱ्याची जोडी) होऊन सुटका होईल या आशेवर मात्र बसू नका. त्याचे चारच पत्ते, रिव्हरपर्यंत मिळून साधारण 17 टक्के, सहा वेळांत एकदा.

पायरी दुसरी: पॉटशी स्टॅकचं नातं

फ्लॉप पडला की कुठलीही बेट मारण्याआधी एक भागाकार करा. तुमच्या आणि समोरच्याच्या स्टॅकपैकी (पुढ्यात उरलेल्या चिप्स) जो लहान, त्याला पॉटने (मध्ये जमलेले पैसे) भागायचं. उत्तर 2 च्या आसपास आलं तर टू पेअर घेऊन सगळे पैसे जाणार हे आधीच ठरलं असं समजा, फार विचार नको. उत्तर 4-5 आलं तर वरची टू पेअर सहसा शेवटपर्यंत न्यायची. 15-20 आलं तर सावध राहा. इतक्या छोट्या पॉटमध्ये कुणी पूर्ण स्टॅक लावायला तयार झालाय, तर त्याच्याकडे गुलाम-दश्शी असेल असं वाटतं का तुम्हाला?

पुढची दोन उदाहरणं 100/200 च्या टेबलावरची (स्मॉल ब्लाइंड 100, बिग ब्लाइंड 200), प्रत्येकाकडे 20,000. रेक (कॅसिनो पॉटमधून कापून घेतो तो हिस्सा) सोडून दिला आहे.

पायरी तिसरी: लिंप झालेला पॉट

लाइव्ह टेबलवर ब्लाइंडमधली टू पेअर बहुतेकदा इथेच होते. तिघांनी रक्कम न वाढवता नुसते 200 टाकले (हेच लिंप), स्मॉल ब्लाइंडने पूर्ण केले, डीलरने तुमच्याकडे बघून 'ऑप्शन?' विचारलं, म्हणजे रक्कम वाढवायची (रेझ) की पैसे न टाकता पाळी पुढे द्यायची (चेक). बिग ब्लाइंडमध्ये बदामचा गुलाम आणि किलवरची सत्ती. चेक. पॉट 1,000. फ्लॉप: इस्पिक गुलाम, चौकट सत्ती, इस्पिक तिर्री. स्मॉल ब्लाइंड चेक करतो.

इथे नव्वद टक्के लोक 'चेक-रेझ करू' (आधी चेक, दुसऱ्याने बेट मारली की रेझ) म्हणून थांबतात. थांबू नका. लिंप पॉटमध्ये पुढाकार कुणाचाच नसतो. कुणी रेझ केलेलं नसल्यामुळे 'आता बेट मारणं माझं काम' असं कुणालाच वाटत नाही. चारही जण चेक करतात, टर्न फुकटात पडतो, इस्पिकवाल्याला एक पत्ता फुकट मिळतो आणि गुलाम-नव्वीवाल्याकडून एक अख्खी बेट घ्यायची राहते. स्वतः बेट मारा.

किती? माझं उत्तर 800, म्हणजे पॉटच्या 80 टक्के. पोरं 300 मारतात, 'कुणी पळून जाऊ नये म्हणून'. फ्लश ड्रॉला (एकाच रंगाचे चार जमलेत, पाचवा हवा) पुढच्या एका पत्त्यावर लागायची शक्यता 19 टक्क्यांच्या आसपास. 300 मारले तर त्याला 1,600 च्या पॉटसाठी 300 भरायचे, म्हणजे सुमारे 19 टक्केच किंमत. तुम्ही त्याला अगदी बाजारभावाने माल दिलात, आणि मागून आणखी कुणी कॉल केलं (बेटइतकेच पैसे भरले) तर भाव त्याहून उतरला. 800 मारले तर त्याला 31 टक्क्यांच्या भावाने घ्यावं लागतं. तो घेतोच, हे लाइव्ह पोकरचं मोठं सुख आहे. गोव्यापर्यंत विमानाचं तिकीट काढून आलेला माणूस इस्पिकचे दोन पत्ते हातात असताना फोल्ड करायला (पत्ते टाकून द्यायला) बसलेला नसतो.

दोघे कॉल करतात. पॉट 3,400. टर्नला बदाम दुर्री, कुणाचंच भलं न करणारा पत्ता. पुन्हा बेट, 2,500. आता एकच कॉल. पॉट 8,400. टर्नला इस्पिक पडलं असतं, किंवा अठ्ठी-नव्वी-दश्शीपैकी काही, तर? इस्पिकवर मी चेक करून समोरच्याची बेट कॉल करतो, दोघांनी पैसे लावले तर सोडतो. अठ्ठी-नव्वी-दश्शीवर मात्र घाबरायचं कारण नाही. त्यांच्यामुळे स्ट्रेट (ओळीचे पाच पत्ते) होणाऱ्या जोड्या मोजक्याच, आणि त्याच पत्त्यांनी गुलामवाल्याला आणखी एखादा ड्रॉ लागून तो जास्त चिकटतो. बेट चालू ठेवा.

(तीन पत्तीवाल्यांसाठी चालता चालता: तिकडे सिक्वेन्स कलरच्या वर असतो, इकडे फ्लश स्ट्रेटच्या वर. फ्लशचा पत्ता पडला की जास्त जपायचं ते यासाठीच.)

रिव्हरला चौकट बादशहा. आता समोर कोण उरलं असेल? एक्का-गुलाम आठ प्रकारे, राणी-गुलाम आठ, गुलाम-दश्शी आठ, चुकलेले फ्लश ड्रॉ. बादशहा-गुलाम सहा प्रकारे, आणि तो आता तुमच्या पुढे गेला. सेट (जोडी हातात, तिसरा टेबलावर): तिर्रीचा तीन प्रकारे, दुर्रीचा तीन, सत्तीचा एक. म्हणजे कॉल करू शकणाऱ्यांत तुमच्यापेक्षा दुबळे अजूनही जास्त, पण बादशहा बघून ते दचकलेत. 4,000 मारा, पॉटच्या निम्म्याला थोडे कमी. गुलामवाला तोंड वाकडं करून हे भरतो, 8,000 भरत नाही.

आणि त्याने 12,000 चं रेझ केलं तर? फोल्ड. या पायरीतला हाच भाग सर्वांत महाग आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पायरी चौथी: गप्प माणूस बोलायला लागला की

माझ्या सुरुवातीच्या एका फेरीत शेजारी एक काका होते, साठीचे, समोर काजूची बशी. तीन तासांत त्यांनी रेझ हा शब्द उच्चारला नव्हता. लिंप, कॉल, कॉल, मग पत्ते टाकून काजू. माझी वरची टू पेअर होती, दोन बेट मारून झालेल्या, आणि टर्नला काकांनी बशी बाजूला सरकवली आणि माझ्या बेटच्या तिप्पट ठेवले. मी मनात गणित केलं: ड्रॉ असेल, एक जोडी असेल, पॉट इतका मोठा झालाय. कॉल केलं, रिव्हरला परत कॉल केलं. काकांनी सेट दाखवला आणि म्हणाले, "अरे बाबा, मी रेझ केलं तरी तू थांबलास कसा?" त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

सेटसमोर टू पेअर सहातून निदान पाच वेळा हरते. तेव्हा प्रश्न एवढाच असतो की समोरचा टू पेअरपेक्षा वाईट हाताने असं वागेल का. पूर्ण टेबल याच प्रश्नावर दोन भागांत पडतं. जो तरुण दर दुसऱ्या डावात रेझ करतो, हेडफोन लावून बसतो, ज्याला तुम्ही एकदा तरी हवा धरून मोठी बेट मारताना पकडलंय, त्याच्या टर्नच्या रेझला कॉल करा. काकांच्या टर्न किंवा रिव्हरच्या रेझला फोल्ड करा, वरची टू पेअर असली तरी, पॉट छोटा सुरू झाला असेल तर डोळे मिटून. फ्लॉपवरचं रेझ थोडं वेगळं: तिथे ड्रॉ आणि घाबरलेली एक जोडीही रेझ करतात, म्हणून तिथे अजून एक पत्ता बघायला हरकत नाही.

यासाठी एक सवय लावून घ्या. ब्लाइंडमध्ये बसलात की फ्लॉप पडताना फ्लॉपकडे बघू नका, माणसांकडे बघा. पत्ते कुठे पळून जात नाहीत. पुढे ज्यांची पाळी आहे ते सगळे तुमच्यानंतरच बोलणार, त्यामुळे तुमच्याकडे माहिती कमी असते. ती इथून भरून काढायची.

पायरी पाचवी: रेझ झालेला पॉट

लाइव्ह टेबलवरचं रेझ मोठं असतं, 200 च्या ब्लाइंडला 1,000 सर्रास. एकाने 1,000 केले, दोघांनी कॉल, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, बिग ब्लाइंडमधून तुम्ही बदामच्या बादशहा-दश्शीवर कॉल केलंत. पॉट 4,100, तुमच्याकडे 19,000. भागाकार साडेचारच्या थोडा वर. फ्लॉप बादशहा-दश्शी-पंजी, तीन वेगळ्या रंगांचे.

आता चेक करा. इथे पुढाकार रेझवाल्याचा आहे आणि बादशहाच्या फ्लॉपवर तो बहुतेकदा बेट मारतोच. तो 2,000 मारतो, मधला एकजण कॉल करतो. पॉट 8,100. आता तुमचं रेझ: 7,500. नुसतं कॉल करून लपायचा मोह होतो, पण राणी-गुलामचे सोळा प्रकार टेबलावर फिरताहेत आणि त्यांना एक्का किंवा नव्वी, दोन्ही चालतात. शिवाय एक्का-एक्कावाल्याकडून आजच पैसे घ्यायचे आहेत. तुमची टू पेअर एक्क्यांच्या जोडीपुढे अशा फ्लॉपवर सुमारे 75 टक्के जिंकते, म्हणजे चारातून एकदा तोच जिंकतो. टर्नला पंजीची जोडी लागली की तुम्ही मागे पडता.

समोर काय काय असू शकतं ते मोजा. तुम्हाला हरवणारे सेट: बादशहाचा एक, दश्शीचा एक, पंजीचे तीन, एकूण पाच. पैसे लावू शकणारे दुबळे: एक्का-बादशहा आठ, एक्का-एक्का सहा. बादशहा-राणी आणि बादशहा-गुलाम आठ-आठ, पण त्यातले निम्मे इथे सोडतील. म्हणजे नुसते न हलणारेसुद्धा चौदा विरुद्ध पाच. रेझवाला कॉल करतो, मधला सोडतो. पॉट 21,100, तुमच्याकडे 11,500. टर्नला काहीही पडो, ऑल-इन, म्हणजे उरलेले सगळे. एक्का पडला तर पोटात गोळा येईल, कारण एक्का-बादशहा आणि राणी-गुलाम दोघेही पुढे गेले. पण इतका मोठा पॉट झाल्यावर 11,500 साठी मागे फिरायचं नसतं. तो निर्णय फ्लॉपवरच झालेला आहे.

स्मॉल ब्लाइंडमधून असाच हात आला तर एकच बदल. तिथे मुळात बादशहा-दश्शी घेऊन कॉल करू नका, मागे बिग ब्लाइंड अजून बोलायचा आहे आणि पुढचे सगळे पत्ते तुम्हालाच आधी बोलायचं आहे. स्मॉल ब्लाइंडमधल्या टू पेअर कमी आणि चांगल्या असायला हव्यात.

थ्री-बेट पॉट, म्हणजे रेझवर पुन्हा रेझ झालेला, थोडक्यात उरकतो. स्मॉल ब्लाइंडमधून एक्का-बादशहाने 4,000 केले, एकाने कॉल केलं, फ्लॉप एक्का-बादशहा-सत्ती. भागाकार 2 च्या खाली. पैसे जाणारच आहेत, पण एक्के आणि बादशहा प्रत्येकी दोनच उरलेत, त्यामुळे समोर फारसं काही नसण्याची शक्यता मोठी. म्हणून पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याची छोटी बेट, तीन वेळा. मोठी मारलीत तर राणी-राणीवाला लगेच निघून जातो.

टेबलावरच्या चुका, ज्यांचा पत्त्यांशी संबंध नाही

चेक-रेझ करताना चिप्स हलवायच्या आधी 'रेझ, साडेसात हजार' असं मोठ्याने बोला. न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकलीत तर बहुतेक ठिकाणी तो कॉल धरला जातो. दोन खेपांत चिप्स ठेवल्यात तर पहिल्या खेपेलाच तुमची बेट संपली असं डीलर सांगू शकतो. ब्लाइंडवाल्यांना हे जास्त नडतं, कारण त्यांच्यासमोर आधीच चिप्स पडलेल्या असतात आणि किती नवीन, किती जुने याचा घोळ होतो. पत्त्यांवर एक चिप ठेवा. डीलरने चुकून तुमचे पत्ते ओढून घेतले तर नंतर कितीही आरडाओरडा करून उपयोग होत नाही.

शेवटचं शोडाउन, म्हणजे पत्ते उघडणं. रिव्हरला बेट झाली असेल तर बेट मारणाऱ्याने आधी पत्ते दाखवायचे. सगळ्यांनी चेक केलं असेल तर बटणाच्या डावीकडून सुरुवात होते, म्हणजे बहुतेकदा तुमच्यापासूनच. 'तुम्ही दाखवा, मग मी' करत ताटकळू नका. दोन्ही पत्ते उताणे टेबलावर ठेवा आणि तोंडाने काहीही जाहीर करू नका. टेबलावर जोडी असली की समोरच्याची टू पेअर मोठी की तुमची यात भले भले गोंधळतात, आणि समोरून 'माझी मोठी' असं ऐकून जिंकलेले पत्ते डीलरकडे सरकवणारे मी पाहिले आहेत. कुणाचा हात मोठा ते डीलर पत्ते वाचून सांगतो. त्याने पॉट तुमच्याकडे सरकवेपर्यंत दोन्ही पत्त्यांवरचं बोट काढू नका.